महिना अर्धा होताच नेट रखडतं, तर १०० चा प्लॅन ३०० चा करावा का?

नका करू. निदान कंपनीचा माणूस फोनवर सांगतो म्हणून तर मुळीच नका करू.

तुम्ही लिहिलंय, घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, महिन्याच्या सुरुवातीला सगळं झकास चालतं, पंधरवडा उलटला की साधा यूट्यूबही चकरा मारत बसतो, आणि तक्रार केली की कंपनी म्हणते ३०० चा प्लॅन घ्या. वाचलं आणि राहवलं नाही. हाच खेळ आमच्या घरी झालाय. फरक इतकाच की आमच्याकडे कंपनीची वकिली करायला खुद्द माझे दीर होते.

प्लॅनची मासिक मर्यादा किती, म्हणजे पूर्ण वेगाने महिन्याला किती डेटा मिळतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नेमकं तेच लिहायला हवं होतं. वेग आणि मर्यादा ही दोन वेगळी खाती आहेत. एकात भर घातली म्हणून दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही. मर्यादा ५०० जीबी असेल, तर १०० च्या वेगाने सलग ओढल्यास ती अकरा तासांत संपते, ३०० च्या वेगाने पावणेचार तासांत. म्हणजे जास्त पैसे भरून लवकर रिकामं व्हायचं. जुन्या लोकांना आठवत असेल, २००५ च्या सुमारास घरगुती ब्रॉडबँड नवीन होतं तेव्हा वेग २५६ केबीपीएस आणि मर्यादा महिन्याला ४०० एमबी अशा योजना असायच्या. ४०० एमबी संपायला साडेतीन तास लागायचे. २००७ मध्ये वेग २ एमबीपीएसवर नेला म्हणून केवढं कौतुक झालं! त्या वेगाने ४०० एमबी २७ मिनिटांत उडतात. काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ मोकळं असायचं, म्हणून पोरं गजर लावून डाउनलोडला उठायची. मर्यादा म्हणजे काय हे त्या पोरांना आजच्या सेल्सवाल्यांपेक्षा जास्त कळत होतं.

आता आमच्या घरचं. गोव्यात फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या अंगाला आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, मागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. थोरले दीर मस्कतला. घरात मी, आमचे हे, सासूबाई आणि मुलगा. मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला जातो, ही माहिती पुढे लागेल. कनेक्शन भावोजींच्या नावावर, कारण आमच्याकडे सगळंच त्यांच्या नावावर असतं. विजेचं मीटर, पाण्याचं मीटर, गॅस. प्लॅन १०० एमबीपीएसचा, मर्यादा ५०० जीबी, ती संपली की वेग २ एमबीपीएस.

दोन वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग एका चवथीला, म्हणजे गणपतीला, भावोजी आले आणि जाताना कुळागराकडे तोंड करून एक कॅमेरा लावून गेले. सुपारी चोरीला जाते, नारळ जातात, पाडेली (नारळ पाडणारा) झाडावर किती वेळ असतो आणि झाडाखाली विडी ओढत किती वेळ बसतो, हे त्यांना मस्कतमध्ये बसून दिसायला हवं होतं. बरं, लावा. कॅमेऱ्याला माझा विरोध नव्हता. (त्यात माकडांखेरीज कुणी सापडलं नाही, हे वेगळं.)

त्यानंतर नेट महिन्याच्या विसाच्या आत बसायला लागलं. सासूबाईंचं टीव्हीवरचं कीर्तन अडकायचं आणि बुवा तोंड उघडं ठेवून तसेच थांबायचे. मी फोन केला तर कंपनी म्हणाली, तुमचा वापर वाढलाय, वरचा प्लॅन घ्या. भावोजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगत होतो, १०० म्हणजे काहीच नाही. इथे माझ्या खोलीवर ३०० आहे." मी म्हटलं, आधी कशाला किती जातंय ते बघूया. त्यावर, "तुला त्यातलं काय कळतं? ही पतसंस्थेची वही नव्हे." आणि त्यांनी मस्कतहून ओटीपी देऊन २०० चा प्लॅन घेतला, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून. फोनवर सांगतात तो दर जीएसटीशिवायचा असतो हेही त्यांना बिल आल्यावर कळलं. ४९९ म्हणतात तेव्हा १८ टक्के धरून ५८८ रुपये ८२ पैसे मोजायचे असतात.

मर्यादा? तीच, ५०० जीबी.

आणि मग नेट विसाच्या आत नव्हे, पंधराच्या आत बसायला लागलं. त्यात जादू काही नाही. वेग वाढला म्हणून आम्हीच टीव्हीवरच्या ॲपमध्ये चित्राची प्रत वाढवून टाकली. ४के, म्हणजे सगळ्यात स्पष्ट चित्र, १०० लाही चाललं असतं, पण सुचलं २०० घेतल्यावर, आणि जिथे तासाला ३ जीबी लागायचे तिथे ७ लागतात. कीर्तनकारांच्या उपरण्याचा धागा न् धागा दिसला म्हणून सासूबाईंना काही जास्त पुण्य लागलं नाही.

इंजिनिअरिंगवाला मुलगा म्हणाला, राउटर जुना आहे. आमचे हे म्हणाले, केबल उंदरांनी कुरतडली असेल. लाईन बघायला पोरगा आला, त्याने वायर काढून त्या छोट्या मीटरला लावली. "काकी, पॉवर बरी आसा. मायनस एकवीस." फायबरमधून घरी येणाऱ्या प्रकाशाची ताकद साधारण मायनस २७ च्या खाली घसरली की अडचण, त्यामुळे लाईन चोख होती. मग मी माझ्या पद्धतीने बघितलं. रात्री निजताना टीव्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद केला, सगळ्यांच्या मोबाईलचं वायफाय घालवलं आणि कंपनीच्या ॲपमधला वापराचा आकडा पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. सकाळी चहा व्हायच्या आत परत बघितला. घर निजलेलं असताना सहा जीबीच्या वर गेले होते.

हिशेब अगदी सरळ आहे. कॅमेरा चोवीस तास क्लाउडवर, म्हणजे नेटवरून दूरच्या साठवणीत, चित्रण पाठवत होता, साधारण २ एमबीपीएसने. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे तासाला ०.९ जीबी, दिवसाला २१.६ जीबी, ३० दिवसांचे ६४८ जीबी. घरातलं एकही माणूस नेटला शिवलं नाही तरी एकटा कॅमेरा ५०० ची मर्यादा चोविसाव्या दिवशी संपवतो! लोकांना वाटतं मर्यादा फक्त आत येणाऱ्या डेटाला असते. बहुतेक प्लॅनमध्ये आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही मिळून मोजतात, आणि कॅमेऱ्याचं सगळं बाहेर जाणारं. शिवाय मर्यादा संपल्यावर हातात उरतात २ एमबीपीएस, आणि कॅमेऱ्याला हवे असतात नेमके तेवढेच. मग बाकीच्यांनी काय करायचं? कीर्तन तिथेच अडकत होतं. २०० घ्या नाहीतर हजार घ्या, मर्यादेनंतर सगळे सारखेच.

आता यातला सगळ्यात चीड आणणारा भाग. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१६ च्या आदेशाप्रमाणे मर्यादेचा वापर ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के झाला की ग्राहकाला कळवायचं असतं. कंपनी कळवत होती. पण नोंदवलेला मोबाईल नंबर भावोजींचा. ते सगळे मेसेज मस्कतला जात होते आणि भावोजी ते जाहिराती समजून पुसून टाकत होते. दर महिन्याला, तीन-तीन. आणि मला म्हणे त्यातलं काय कळतं!

उपाय फुकटात झाला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सतत चित्रण बंद करून हालचाल झाली तरच चित्रण असं केलं, आणि आत मेमरी कार्ड घातलं. ६४ जीबीच्या कार्डात सतत चित्रण तीन दिवसही मावत नाही, पण हालचालीपुरतं असलं की बरेच दिवस पुरतं. टीव्हीच्या ॲपमध्ये प्रत ४के वरून एक पायरी खाली, १०८० वर बांधून टाकली. मोबाईलमधलं फोटोंचं बॅकअप, जे व्हिडिओसकट वर जात होतं, ते फक्त फोटोंवर आणलं. त्या महिन्यापासून मर्यादा पुरून उरते. भावोजींचं यावर म्हणणं काय, तर "२०० केल्यामुळेच सुधारलं." म्हणून मुदत संपल्यावर मी पुन्हा १०० चा घेतला, माझ्या नावावर आणि माझ्या नंबरावर. पुरतोय. हे त्यांना फोनवर सांगितलं तर लाईन कट झाली, मस्कतकडून.

तुमच्या प्रश्नात आणखी एक वाक्य आहे, स्वयंपाकघरात रेंज येत नाही म्हणून वेग वाढवायचा. हाही भावोजी छाप मुद्दा. प्लॅनचा वेग राउटरपर्यंत येतो. तिथून पुढे वायफायचं काम. आमच्यासारख्या जुन्या घरात चिऱ्याच्या दीड-दीड फूट भिंती, मध्ये राजांगण (घरातलं उघडं अंगण), मग स्वयंपाकघर. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीतच दमतं, २.४ चं थोडं पुढे जातं पण हळू. ३०० घेतलात म्हणून चिरा पातळ होत नाही. सोप्यावरच्या राउटरपासून आतपर्यंत लॅनची केबल ओढा आणि तिथे दुसरा साधा राउटर ठेवा. केबल आठ तारांची घ्या. चारच तारा जोडलेली जुनी असेल तर ती १०० च्या वर जातच नाही, मग ३०० चे पैसे भरूनही चाचणीत ९४ दिसतात आणि लोक कंपनीला शिव्या देतात.

वेग खरंच कधी वाढवावा? घरात दोघं-तिघं एकाच वेळी मोठ्या फाइली वर चढवत असतील, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा कुणी असेल, तर वाढवा, पण आधी अपलोडचा वेग विचारा. पुष्कळ केबलवाले डाउनलोडचाच आकडा सांगतात. बाकी व्हिडिओ मीटिंगला ३-४ एमबीपीएस लागतात, ४के ला १५ ते २५. पाच माणसांच्या घराला ५० सुद्धा पुरतं, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

आता जरा तुमच्या बाजूनेही बोलते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या 'अमर्याद' फायबर प्लॅनला ३३०० जीबीची मर्यादा असते. तुमचा तसला असेल तर साध्या घरात ती संपणं कठीण, आणि वरचा माझा अर्धा हिशेब तुमच्या कामाचा नाही. मग पंधरवड्यानंतर रखडण्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. फक्त संध्याकाळी रखडतं का ते बघा. फायबरची एक लाईन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते आणि सगळे एकाच वेळी बसले की गर्दी होते. त्यावर ३०० च्या प्लॅनने थोडा फरक पडेल किंवा पडणारही नाही. आणि कंपनी वेगाबरोबर मर्यादाही वाढवून देत असेल, दरात फार तफावत नसेल, तर घ्या बापडे. माझं भांडण ३०० शी नाही, न मोजता ३०० घेण्याशी आहे.

मर्यादेनंतरचा वेगही विचारून घ्या. २०१६ च्या त्याच आदेशात तो ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये असं आहे. २०२३ पासून मात्र २ एमबीपीएसच्या खालच्या वेगाला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही. फोनवरच्या पोराला हे दोन आकडे ऐकवा, तो लगेच "मॅडम, सीनियरशी बोलून सांगतो" म्हणतो.

प्लॅनची मर्यादा किती, मेसेज कुणाच्या नंबरावर जातात आणि घरात कॅमेरा आहे का, एवढं खाली लिहा, मग नीट सांगता येईल. कॅमेरा कुणी लावला ते नाही लिहिलंत तरी चालेल.