पालकांचा दृष्टिकोन समजून घ्यायला गुगल फॉर्म पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की अंबाजोगाईत एम.एड. करताय, प्रबंधाचा विषय ‘मुलींच्या उच्च शिक्षणाबाबत ग्रामीण पालकांचा दृष्टिकोन’ आहे, आणि ४० विधानांची प्रश्नावली गुगल फॉर्मवर करून शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार आहात. १०० उत्तरं आली तर चालतील का, एवढंच विचारलंय.

१०० चं नंतर बघू. आधी तो फॉर्म कोण भरणार ते बघा. शाळेच्या ग्रुपवर असलेला मोबाइल संध्याकाळी पोरांच्या हातात असतो. बापाच्या नावाने मुलगीच पटापट टिचक्या मारून फॉर्म पाठवून देते, हे मी स्वतः पाहिलंय. मग तुम्ही कुणाचा दृष्टिकोन मोजला?

मी बारा वर्षं बीड, परभणी, लातूरकडच्या गावांत सर्वेक्षणाची कामं केली. पहिलंच काम केज तालुक्यातल्या एका वाडीवर होतं. ‘मुलींना मुलांइतकंच शिकवायला हवं’ या विधानावर सगळ्यांनी ‘पूर्णतः सहमत’ सांगितलं. मी खूश. शेवटच्या घरी चहा घेताना तिथल्या आजींना म्हटलं, तुमच्या गावात विचार फार चांगले आहेत. त्या म्हणाल्या, “बाई, तुमी गुरुजींसंगं आलात. तुमाला कोण नको म्हणंल?” त्या घरातली नात दहावीनंतर घरीच बसली होती आणि तिची सोयरीक ठरत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून जास्त स्त्रियांनी लग्न १८ च्या आत झाल्याचं सांगितलं. माझ्या कागदावर ‘पूर्णतः सहमत’ म्हणणारे पालक याच जिल्ह्यातले. ते खोटं बोलत नव्हते. घरी आलेल्या माणसाचा मान राखत होते, आणि मी तो मान ‘अभिवृत्ती’ म्हणजे दृष्टिकोन म्हणून लिहून घेत होते.

माणूस म्हणतो एक आणि करतो दुसरं, हे संशोधकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेत रिचर्ड लापियर हा समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर देशभर फिरला. चिनी लोकांविषयी तिथे उघड आकस असण्याचा तो काळ. तरी २५१ हॉटेलं-खाणावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणी पत्र पाठवून विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? १२८ जणांनी उत्तर दिलं, आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ लिहिलं. हे १९३४ साली छापून आलं. आपल्याकडे उलट्या बाजूने तेच घडतं, कागदावर होकार आणि घरात नकार.

तुमच्या विषयाला आइझेन या मानसशास्त्रज्ञाची १९९१ ची मांडणी नीट बसेल, मार्गदर्शकांशी त्यावर बोला. तो म्हणतो, माणूस एखादी गोष्ट करायचं ठरवतो ते तीन गोष्टींवरून: त्याला स्वतःला ती कशी वाटते, आपली माणसं काय म्हणतील असं त्याला वाटतं, आणि ती आपल्याला जमेल असं त्याला वाटतं का. तुमच्या ४० विधानांतली बहुतेक पहिल्यावरच असतील. मराठवाड्यातला निर्णय मात्र दुसऱ्या-तिसऱ्यावर अडतो. भावकी काय म्हणेल, हे दुसरं. बारावीपर्यंतच्या मुलींना घेऊन जाणारी सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस फाट्यापर्यंत येते का आणि फाट्यापासून वस्तीपर्यंत अंधारात मुलगी कशी येणार, हे तिसरं. मुलीच्या शिक्षणावर मनापासून प्रेम असलेला बापसुद्धा तिथे हरतो. त्याला तुम्ही ‘नकारात्मक दृष्टिकोन’ या रकान्यात टाकलंत, तर तो त्याच्यावर अन्याय आहे.

आता भाषेचं. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच पायऱ्यांची श्रेणी मांडली, ती आपण इंग्रजीतून उचलतो. पण ‘तटस्थ’ हा शब्द आमच्याकडे कुणी बोलत नाही. ‘सांगता येत नाही’ म्हणा. नकारार्थी विधानं टाळा. ‘मुलींना उच्च शिक्षणाची गरज नाही’ यावर ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे नाहीला नाही म्हणायचं, तिथे शिकलेलीही गोंधळतात. भाषांतरात अर्थ बदलला नाही ना, हे बघायला प्रश्नावली परत इंग्रजीत उलटवून पाहण्याची रीत आहे, ती करा; पण त्याआधी दोन-तीन आयांना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. मी तर विधानंच त्यांच्या शब्दांत लिहून घेतली. आणि क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.९ आला म्हणून निवांत होऊ नका. काही जण सगळ्यालाच हो म्हणत असतील तरी तो वर जातो.

हे फक्त शाळेपुरतं नाही. वृद्धांच्या देखभालीच्या एका कामात एका आजींना विचारलं, घरात तुमची काळजी नीट घेतात का? सून दारातच उभी होती. “लई चांगलं बघते,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर एकट्या होत्या, तेव्हा मी फक्त विचारलं, काल रात्री काय जेवलात, औषध कोणी दिलं? मग त्या पाऊण तास बोलल्या. एका रुग्णालयात तर पेशंटला घरी सोडताना नर्सच समाधानाचा फॉर्म हातात देऊन शेजारी उभी राहायची. एका कृषी केंद्राच्या मालकाला ग्राहकांचं मत हवं होतं. उधारीवरचा शेतकरी दुकानाला वाईट म्हणेलच कशाला? ‘मागच्या पेरणीला बी कुठून आणलं?’ असं विचारल्यावर बऱ्याच जणांनी दुसऱ्याच दुकानाचं नाव घेतलं.

म्हणून मत विचारण्याआधी घडलेलं विचारा. थोरलीची दहावी झाली तेव्हा पुढचं कधी ठरलं, कोण काय बोललं, पैसे कुठून येणार होते, ती स्वतः काय म्हणाली. आईला आणि वडिलांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलंत तर एकच उत्तर दोनदा लिहाल. जे सरळ विचारता येत नाही ते तिसऱ्याच्या गोष्टीतून विचारा: ‘एका बाईची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, कॉलेज लातूरला आहे, घरात दोघं नको म्हणतात. तिने काय करावं?’ दुसऱ्याच्या मुलीबद्दल लोक मोकळं बोलतात आणि बोलता बोलता स्वतःच्या मुलीवर येतात. तिथे पेन खाली ठेवा. लिहिणारा हात दिसला की माणूस परत शहाण्यासारखं बोलू लागतो.

विद्यापीठाला आकडे लागतात, तर विधानं २० वर आणा, ३० पालकांवर आधी करून पाहा, मग १०० घ्या. त्याच्या जोडीला १५ घरांत अशा मुलाखती केल्यात तर आकड्यांमागचं कारण हाती येईल. १५ नाहीच जमल्या तर १० करा, पण सोडू नका.

आणि धारूर, वडवणी, पाटोद्याकडची गावं घेणार असाल तर दसऱ्याच्या आत जा. दिवाळीनंतर तिथले आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेले असतात, परततात थेट मार्च-एप्रिलला. जानेवारीत गेलात तर म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात जेवणारी पोरं भेटतील, आणि जे पालक सर्वांत अवघड निर्णय घेतात तेच तुमच्या नमुन्यात नसतील. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा इथे टाकलात तर एकेक विधान वाचून सांगेन.