जुना गेमिंग लॅपटॉप: पुढे काय वाढवता येईल?

प्रश्न: मी चोपड्याचा असून जळगावला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. ओळखीतल्या एका विद्यार्थ्याला त्याचा 2021 मधील गेमिंग लॅपटॉप विकायचा आहे. त्यात इंटेल आय5-11400एच प्रोसेसर, 4 जीबीचे आरटीएक्स 3050 ग्राफिक्स, 8 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी आहे. ‘आत्ता घेऊन ठेव, पुढे हवे ते वाढवता येते,’ असे तो म्हणतो. कापसाचे पैसे आले की वडील 40,000 रुपयांपर्यंत देणार आहेत. कॅडचे (संगणकावर आराखडे काढण्याचे) काम आणि गेम या दोन्हींसाठी हा लॅपटॉप चार वर्षे पुरेल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर: विकणाऱ्याचे म्हणणे निम्मेच खरे आहे. अशा लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मुख्य बोर्डवर (मदरबोर्डवर) कायमच्या सोल्डर केलेल्या असतात, त्यामुळे डेस्कटॉपसारखे जुने कार्ड काढून नवे बसवण्याची सोय तिथे नसते. 3050 आणि तिची 4 जीबी व्हिडिओ मेमरी (ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी) शेवटपर्यंत तेवढीच राहणार, हे धरूनच किंमत ठरवा. रॅम आणि एसएसडी बहुतेक वेळा सवडीने वाढवता येतात. म्हणून 16 जीबी रॅम भरलेल्या पण कमकुवत ग्राफिक्सच्या लॅपटॉपपेक्षा 8 जीबीचा पण चांगल्या चिपचा लॅपटॉप मी केव्हाही पसंत करेन.

मात्र चिपचे नाव पाहून समाधान मानू नका. लॅपटॉपमधली 3050 ही 35 वॅटपासून 80 वॅटपर्यंत वेगवेगळ्या वीज-मर्यादेवर बसवलेली असते आणि त्यानुसार तिच्या कामात मोठा फरक पडतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडले की ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ या नावाखाली हा आकडा दिसतो. तो प्रत्यक्ष पाहून घ्या.

रॅमसाठी टास्क मॅनेजरमधील मेमरीचे पान उघडा. तिथे दोनपैकी एकच स्लॉट वापरात असल्याचे दिसले, तर तसाच आणखी एक 8 जीबीचा डीडीआर4 मॉड्यूल बसवता येईल आणि मेमरीचे दोन्ही मार्ग (चॅनेल) सुरू झाल्यामुळे गेमचा वेगही सुधारेल. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल, तर ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे असे समजावे. दुसऱ्या एसएसडीसाठी मोकळा एम.2 स्लॉट आहे का, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडते.

आपल्या भागात सर्वांत कसून तपासायची गोष्ट म्हणजे उष्णता. कापसाचे पैसे येतात थंडीच्या दिवसांत, म्हणजे लॅपटॉपही तुम्ही थंडीतच पाहणार. पण तो वापरायचा आहे जळगावच्या मे महिन्यात, जेव्हा पारा 44-45 अंशांवर जातो. खोलीचे तापमान जितके चढते, साधारण तितकेच चिपचेही चढते. डिसेंबरात 22 अंशांच्या खोलीत ग्राफिक्स चिप 72 अंशांवर स्थिर राहिली, तर 38 अंशांच्या खोलीत ती 88 च्या आसपास जाईल, आणि तिथे ती स्वतःचा वेग आपोआप कमी करू लागते. त्यामुळे चार्जर लावून एखादा जड गेम अर्धा तास तरी सलग चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये तापमान व वेग दोन्हींवर लक्ष ठेवा. पहिली पाच मिनिटे सगळेच लॅपटॉप छान चालतात. तापमान जास्त निघाले, तरी लगेच नाकारू नका. कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळच्या वस्तीत किंवा धुळीच्या रस्त्यालगत वापरलेल्या यंत्रात पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध तंतू व धूळ यांचा जाड थर बसलेला असतो. तो काढून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली, तर बराच फरक पडतो. पण तळाच्या स्क्रूंची तोंडे झिजलेली दिसली, तर आधी कोणी आणि कशासाठी उघडला होता हे स्पष्ट विचारा.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमधून ‘पॉवरसीएफजी’चा (powercfg /batteryreport) बॅटरी रिपोर्ट काढा आणि मूळ क्षमतेशी आजची क्षमता ताडून पाहा, ती निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. बिजागरी, मूळ बिल आणि बिलावरचा सीरियल नंबर हेही पाहावेच.

कॅड आणि कॉलेजच्या कामाला हा लॅपटॉप, रॅम 16 जीबी केल्यावर, चार वर्षे नीट पुरेल असे मला वाटते. गेमबाबत तसे आश्वासन देता येत नाही, कारण नव्या जड गेमना 4 जीबी व्हिडिओ मेमरी आजच अपुरी पडते. थोडे थांबून याच पैशांत 6 जीबीची आरटीएक्स 3060 मिळाली, तर ती घ्यावी. मात्र स्वस्त मिळतो म्हणून सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप घेऊ नका: विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि त्या पिढीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही.

प्रश्न: जुन्या गेमिंग लॅपटॉपसोबत मला मूळ चार्जर मिळाला नाही. दुकानातून घेतलेल्या 90 वॅटच्या चार्जरवर तो सुरू होतो, पण गेम खेळताना बॅटरी उतरत जाते आणि वेग घटतो. लॅपटॉप सदोष आहे का?
– एक वाचक, धुळे

उत्तर: दोष बहुधा चार्जरचा आहे. गेम सुरू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून 100 वॅटहून अधिक वीज मागू शकतात. कमी पडलेली वीज बॅटरीतून ओढली जाते आणि मग यंत्र स्वतःला आवरते. लॅपटॉपच्या तळाच्या लेबलवरील व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा: 20 व्होल्ट आणि 7.5 अँपिअर म्हणजे 150 वॅट. नवा चार्जर घेताना व्होल्ट आणि पिन तंतोतंत जुळल्या पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत.