मोठ्या ओपनहायमरचा धाकटा भाऊ

प्रश्न: सर, फिजिक्समध्ये पीएचडी झालीय, पण मला शाळेतल्या पोरांना प्रयोग शिकवायचेत. घरचे म्हणतात, एवढं शिकून मास्तरकी? असं कोणी केलंय का आधी?

उत्तर: केलंय की! अणुबॉम्बवाला रॉबर्ट ओपनहायमर सगळ्यांना माहितीय, त्याचा धाकटा भाऊ फ्रँक पण फिजिसिस्टच, तोही त्या प्रोजेक्टवर होता. पुढे 1949 मध्ये जुनं कम्युनिस्ट पार्टीचं मेंबरशिप बाहेर आलं आणि मिनेसोटा युनिव्हर्सिटीतली नोकरी गेली, मग गडी कोलोरॅडोत जाऊन चक्क गुरं पाळत बसला, आणि काही वर्षांनी तिथल्याच पॅगोसा स्प्रिंग्जच्या छोट्या हायस्कूलमध्ये सायन्स शिकवायला लागला. पोरांना घेऊन भंगारात जायचा, मोडक्या गाड्यांचे पार्ट हातात देऊन मेकॅनिक्स, उष्णता, वीज सगळं त्यातूनच. मला तर हा भाग बॉम्बपेक्षा भारी वाटतो.

1969 मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम काढलं, हात लावू नका अशी पाटी नसलेलं म्युझियम. तिथे समजावून सांगायला पण शाळा-कॉलेजची पोरंच, गायीचा डोळा कापून आतलं भिंग दाखवतात. 1985 मध्ये वारेपर्यंत तोच डायरेक्टर.

पगाराचं मात्र घरी आधीच खरं सांगून टाका, आणि पीएचडी वाया जात नाही हो, आठवीतलं पोरगं "पण का?" असं तिसऱ्यांदा विचारतं ना, तेव्हा सगळी बाहेर काढावी लागते.