आधी आकडा बघा, मग राऊटर बंद-चालू करा

प्रश्न : आमचं मूळ घर म्हार्दोळला. चवथीला पाच दिवस सगळं गणगोत जमतं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं वायफाय झकास चालतं, दुसऱ्या दिवशी मुंबईचे पुतणे आले की त्यांचे फोन ‘ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस’वर अडकून बसतात. पासवर्ड बरोबर आहे. राऊटर बंद करून चालू केला की त्यांचं चालतं आणि मग भलत्याच कुणाचं तरी बंद पडतं. केबलवाला म्हणतो प्लॅन वाढवा. वाढवू काय?

उत्तर : अजिबात नको, पैसे वाया जातील. स्पीडचा इथे काही संबंधच नाही. पासवर्ड चुकला असता तर फोनने तसं स्पष्ट सांगितलं असतं. तो ‘ऑब्टेनिंग’वर अडकतोय म्हणजे राऊटरपर्यंत पोचला, आत आला, पण त्याला नंबर मिळत नाहीये. (सिग्नल अगदीच मरतुकडा असेल तरीही असं होतं, जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती बघता ते आधी तपासा, फोन घेऊन राऊटरच्या शेजारी उभं राहून बघा.)

घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक पत्ता (आयपी ॲड्रेस) देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. हे काम करणाऱ्या भागाला डीएचसीपी म्हणतात. फोन आत आला की ओरडतो, कुणी पत्ता देतंय का, राऊटर म्हणतो हा घे १९२.१६८.१.१०५, फोन म्हणतो चालेल हाच दे, राऊटर म्हणतो दिला, नोंद केली. एवढंच. १९९७ साली ठरलेली पद्धत आजही तशीच चालू आहे. पण राऊटरकडे वाटायला पत्ते किती ठेवायचे ते कुणीतरी ठरवलेलं असतं आणि समजा तुमच्याकडे शेवटचा आकडा १०० ते ११९ एवढाच ठेवलेला असेल, तर पत्ते मोजून २०. पंगतीत पानं मांडली असतील तेवढीच माणसं बसणार, बाकीच्यांनी ओसरीवर थांबायचं. आणि इथे गंमत अशी की जेवून उठलेल्याचं पानही लगेच मोकळं होत नाही. पत्ता ठरावीक वेळेसाठी दिलेला असतो, त्याला लीझ टाइम म्हणतात, बऱ्याच राऊटरमध्ये २४ तास. आते दुपारी आरती करून मडगावला परत गेली तरी तिच्या फोनचा पत्ता मुदत संपेपर्यंत तिच्याच नावावर. त्यात टीव्ही, कॅमेरे, सेट टॉप बॉक्स, पोरांचे टॅब हे सगळे आधीच बसलेले. राऊटर बंद-चालू केल्यावर बऱ्याच स्वस्त राऊटरांची ही नोंदवही पुसली जाते, मग जो आधी धावेल त्याला पत्ता, म्हणून तुमच्याकडे दरवेळी वेगळाच माणूस उपाशी राहतो.

उपाय दहा मिनिटांचा आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (राऊटरखाली चिकटवलेल्या स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड असतो), लॅन किंवा डीएचसीपी सर्व्हर असं पान शोधा, तिथे स्टार्ट आणि एंड असे दोन रकाने दिसतील, ते २० आणि २०० करा. १८१ पत्ते झाले. लीझ टाइम चवथीपुरता २ तास केला तरी चालेल, फोन अर्धी मुदत झाली की आपणच मुदत वाढवून घेतो, त्यामुळे घरात असलेल्यांना काही कळणारही नाही. एवढं करूनही नवे फोन आत येत नसतील तर मात्र राऊटरचीच एका वेळी वायफायवर किती यंत्रं घ्यायची ती मर्यादा असेल, मग दुसरा राऊटर लावायचा.

प्रश्न : तेच तर केलं आणि फसलो! डिचोलीला आमचं दुमजली घर, वर नेट पोचत नव्हतं म्हणून जुना पडून असलेला राऊटर केबलने खालच्याला जोडला. आता कधी नेट चालतं कधी नाही, वायफायच्या कांड्या फुल, वर पण तेच खाली पण तेच.

उत्तर : घरात दोघे पत्ते वाटतायत. तुम्ही केबल एका राऊटरच्या लॅन भोकातून (घरातली यंत्रं जोडतात ते) दुसऱ्याच्या लॅन भोकात घातली असणार आणि जुन्या राऊटरचा डीएचसीपी चालूच राहिला, आता फोन ओरडला की दोघांपैकी ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं तो ऐकतो. जुन्याने उत्तर दिलं तर तो पत्त्यासोबत सांगतो की बाहेरची वाट माझ्याकडून, आणि त्याच्याकडे बाहेरची वाटच नाही. बंद पडलेल्या फोनवर वायफायच्या नावावर दाबून गेटवे (बाहेरच्या वाटेचा पत्ता) बघा, चालणाऱ्या फोनशी ताडून बघा, दोन वेगळे आकडे दिसले तर चोर सापडला. दोन्ही राऊटर १९२.१६८.१.१ वरच बसले असतील तर आकडा सारखाच दिसेल आणि गोंधळ आणखी वाढेल, अशा वेळी जुन्याची केबल काढून बघायची, सगळं सुरळीत झालं की समजायचं.

जुना राऊटर एकटा काढा, लॅपटॉप त्यालाच जोडा, आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग पुन्हा आत जाऊन डीएचसीपी बंद करा. हाच क्रम ठेवा, उलट केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि आत शिरायला खटपट करावी लागेल. नंतर केबल लॅनमध्येच. काही राऊटरमध्ये सरळ ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (फक्त वायफाय पसरवायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असतो, तो असेल तर यातलं काहीच करायला नको.

प्रश्न : म्हापशात माझं झेरॉक्सचं दुकान. लाईट गेली की प्रिंटर कंप्युटरवर ‘ऑफलाइन’. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी प्रिंटर नव्याने ॲड करतेय.

उत्तर : ताई, पावसाळ्यात तर तुमचं रोजचंच झालं असेल. लाईट आली की राऊटर आणि प्रिंटर एकदमच उठतात, नव्याने वाटणी होते, कालचा ७ नंबरचा प्रिंटर आज १२ वर जातो आणि कंप्युटर मात्र ७ चंच दार ठोठावत बसतो. प्रिंटरवरून नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या, त्यावर मॅक ॲड्रेस म्हणून बारा अक्षर-आकड्यांची ओळख असते. ती राऊटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये टाकून एक पत्ता कायमचा बांधून द्या, मग शेवटचं एकदा प्रिंटर ॲड करा. हीच युक्ती फोनला करायला जाल तर जपून, ॲंड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वायफायला खरी ओळख न देता बनावट मॅक देतात, ते त्या वायफायपुरतं आधी बंद करावं लागतं.

प्रश्न : लॅपटॉपला केबल लावली तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. व्हायरस?

उत्तर : नाही हो. पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक घेतला. केबल नाहीतर पोर्ट गेलाय, किंवा डीएचसीपी बंद आहे. केबल बदला.

प्रश्न : मुलगा बोटीवर असतो, त्याला घरचा कॅमेरा बघता यावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी हाक कॅमेऱ्याकडे वळवणं) केलं, सगळं बरोबर, तरी दिसत नाही.

उत्तर : राऊटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ (कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ यातला असेल तर तुमची कंपनी बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरते, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून ४३० कोटीसुद्धा नाहीत आणि ते कधीच पुरेनासे झालेत. बाहेरून येणारी हाक तुमच्या राऊटरपर्यंत पोचतच नाही, मग पोर्ट कितीही उघडा. कंपनीकडे पब्लिक आयपी (फक्त तुमचा असा बाहेरचा पत्ता) मागा, त्याचे बहुतेक वेगळे पैसे पडतील, नाहीतर कॅमेऱ्याच्याच ॲपमधून बघायचं, त्यात कॅमेरा आपणहून बाहेर जोडला जातो म्हणून चालतं. तेवढा कॅमेऱ्याचा मूळचा पासवर्ड आजच बदला.