स्टीव्ह जॉब्सच्या गाडीला प्लेट नव्हती, मग मलाच का पकडलं?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. लिहिणारे वाचक कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला राहतात, मूळचे सांगलीचे, एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर सॉफ्टवेअरची नोकरी आणि फावल्या वेळात मराठी रील्स, त्यांना फॉलोअर्सही बऱ्यापैकी आहेत. मार्चमध्ये नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली. डीलरने कागदी टेम्पररी प्लेट लावून दिली, दोनेक महिन्यांत डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, खऱ्या प्लेटा पोस्टाने घरी आल्या, आणि यांनी त्या पाकिटासकट डिकीत टाकून दिल्या. का, तर एक म्हणजे समोरच्या बंपरला भोकं पाडायची नव्हती, आणि दुसरं म्हणजे मधेच एका अनोळखी अकाउंटवरून मेसेज आला की तुमची निळी गाडी रोज कुठे उभी असते ते मला माहितीये. मग घाबरून यांनी कागदी प्लेटसुद्धा काढून टाकली. पुढे ८८० हायवेवर सीएचपीने, म्हणजे हायवे पोलिसांनी, अडवून पावती फाडली. आता विचारतायत की स्टीव्ह जॉब्स वर्षानुवर्षं विना प्लेटची मर्सिडीज फिरवायचा, तो मोठा म्हणून त्याला चालतं आणि आम्हाला नाही का, ही मोठी माणसं असं करतात तरी का, जॉब्सचं उदाहरण कोर्टात मांडलं तर केस उडेल का, आणि व्हिसावर काही डाग लागेल का.

कोर्टात जॉब्सचं नाव काढू नका, तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही. पण गोष्ट मजेशीर आहे आणि लोक ती अर्धवटच सांगतात, म्हणून आधी तीच बघू.

जॉब्सकडे चंदेरी मर्सिडीज एसएल ५५ एएमजी असायची आणि तिला प्लेट नसायची हे खरं. का नसायची याबद्दल बऱ्याच वावड्या होत्या, कुणी म्हणायचं सरकारने खास परवानगी दिलीय, कुणी म्हणायचं दर वेळी दंड भरतो, त्याला काय पैशाला तोटा. ॲपलमध्ये सिक्युरिटीचं काम केलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने २०११ मध्ये, म्हणजे जॉब्स गेला त्याच महिन्यात, यामागचं गणित सांगितलं. कॅलिफोर्नियात त्या वेळी नवीन गाडीला प्लेट लावायला सहा महिन्यांपर्यंत सवलत होती, म्हणून त्याने लीज कंपनीशी ठरवून टाकलं होतं की सहावा महिना लागला की ही गाडी परत द्यायची आणि हुबेहूब तशीच, त्याच रंगाची दुसरी आणायची. म्हणजे गाडी कायम सहा महिन्यांच्या आतली आणि प्लेट कधीच नाही.

वकील म्हणून मला यात सवलतीची पुढची ओळ महत्त्वाची वाटते, जी ही गोष्ट सांगणारे सगळे गाळतात. व्हेइकल कोडचं कलम ४४५६ असं म्हणत होतं की प्लेटा हातात पडेपर्यंत किंवा सहा महिने, *यातलं जे आधी होईल तोपर्यंत* विना प्लेट चालवा, आणि तेवढ्या काळात डीलरने दिलेला विक्रीचा कागद गाडीवर दिसला पाहिजे, त्या कागदावरही एक नंबर असतोच. म्हणजे सहा महिने ही कुणाची हक्काची सुट्टी नव्हती, डीएमव्हीचं पोस्ट उशिरा येतं म्हणून दिलेली मुदत होती. प्लेटा पाचव्या आठवड्यात आल्या तर पाचव्या आठवड्यात लावायच्या. जॉब्सच्या प्लेटा कधी यायच्या, कुणाच्या पत्त्यावर यायच्या हे त्याची लीज कंपनीच जाणे, त्यामुळे तो अगदी कायद्यात बसून हे करत होता की काठाकाठाने चालत होता यावर मी काही बोलणार नाही. पण तुमचं काय? तुमच्या प्लेटा आल्यात, त्या डिकीत आहेत आणि पाकिटावर पोस्टाची तारीख आहे. जॉब्सच्या काळातला कायदा जसाच्या तसा लावला तरी तुम्ही सुटत नाही!

आणि तो कायदा तर आता राहिलाही नाही. सहा महिन्यांचे आधी ९० दिवस झाले, मग एबी ५१६ नावाचं बिल आलं, गव्हर्नर जेरी ब्राऊननी २०१६ मध्ये सही केली आणि १ जानेवारी २०१९ पासून प्रत्येक डीलरला नवी-जुनी कुठलीही गाडी विकताना नंबर आणि मुदतीची तारीख छापलेली टेम्पररी प्लेट लावूनच द्यावी लागते. आधी तिथे डीलरच्या जाहिरातीचा पुठ्ठा असायचा ना, तो गेला. यामागे जॉब्स नव्हता, पेपरवाल्यांनी उगाच त्याचं नाव चिकटवलं. खरी कारणं दोन, माणसाला उडवून पळून गेलेल्या गाड्या नंबरच नाही म्हणून सापडत नव्हत्या, आणि पुलांवरचा टोल बुडत होता. गोल्डन गेटवर २०१३ पासून टोल घेणारा माणूसच नाही, सगळं कॅमेऱ्यावर, आणि २०२० पासून बे एरियाच्या बाकी पुलांवरही तेच, मग मागे पुठ्ठा असला की कॅमेऱ्याने फोटो कशाचा काढायचा.

आता मोठी माणसं असं का करतात हा तुमचा दुसरा मुद्दा, आणि त्यात तुम्ही अगदीच चुकीचे नाही. जॉब्सने स्वतः दिलेलं कारण साधारण असंच होतं की लोक पाठलाग करतात आणि नंबरवरून घर शोधतात, आणि त्यालाच जोडून तो हेही म्हणाला होता की आता गूगल मॅप्स आल्यावर त्याला फारसा अर्थ उरलेला नाही. ही भीती हवेतली नव्हती. १८ जुलै १९८९ ला लॉस एंजेलिसमध्ये रेबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीला एका माथेफिरू चाहत्याने तिच्या घराच्या दारात गोळी घातली, आणि तिचा पत्ता त्याने एका डिटेक्टिव्ह एजन्सीला पैसे देऊन काढला होता, एजन्सीने तो काढला कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीकडून. तेव्हा हे इतकं सोपं होतं. त्यानंतर मात्र कॅलिफोर्नियाने डीएमव्हीतला घरचा पत्ता गोपनीय केला, १९९४ मध्ये केंद्राचाही कायदा आला, आणि आज कुणी फॅन तुमचा नंबर लिहून घेऊन डीएमव्हीच्या खिडकीवर गेला तर त्याला पत्ता मिळत नाही. पोलीस, कोर्ट, विमा कंपनी असे ठरावीक लोकच तो बघू शकतात. म्हणजे प्लेट काढून तुम्ही ज्या दाराला कुलूप लावताय ते दार सरकारने तीसेक वर्षांपूर्वीच बंद केलंय.

बाकी श्रीमंतांच्या तऱ्हा म्हणाल तर गाडी स्वतःच्या नावावर नसतेच, ट्रस्टच्या नाहीतर एलएलसी म्हणजे छोट्या खासगी कंपनीच्या नावावर असते, रेकॉर्डला वकिलाच्या ऑफिसचा पत्ता. हे कायदेशीर आहे, पण त्या गाडीलाही मागे-पुढे प्लेट लावावीच लागते. आपल्याकडे बरोबर उलटं, कोल्हापूर-साताऱ्याकडे माणूस ४१४१ नंबर मिळावा म्हणून आरटीओत पैसे मोजतो आणि तो ‘दादा’ असा वाचता येईल असा रंगवून घेतो, लोकांनी बघावं म्हणूनच सगळा खर्च.

प्लेट काढली म्हणजे गाडी निनावी झाली असं समजू नका. गाडीच्या बाहेरून ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्यात डोकावून बघा, डॅशबोर्डवर एक छोटी पट्टी दिसेल, १७ अक्षर-आकड्यांची, तो व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. पार्किंगवाला त्यातले शेवटचे चार आकडे पावतीवर लिहितो, कायद्यानेच तसं सांगितलंय. शिवाय प्लेट नसणं हे पोलिसाला गाडी थांबवायला स्वतंत्र आणि पुरेसं कारण आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण आलं होतं, नवी गाडी, मागे प्लेट नाही, मागच्या काचेवर कागदही दिसेना म्हणून पोलिसाने थांबवलं, कागद खरं तर समोरच्या काचेवर होता, पण पोरगा दारू प्यायलेला निघाला. वकिलाने म्हटलं थांबवणंच बेकायदा होतं, कोर्टाने म्हटलं अजिबात नाही, मागून जे दिसलं नाही त्यावरून शंका घेणं रास्तच होतं. त्याच्या दोन वर्षं आधी फक्त समोरची प्लेट नव्हती अशा गाडीबद्दलही कोर्ट हेच म्हणालं होतं. म्हणून ‘मला थांबवलंच कशाला’ हा मुद्दा चालणार नाही, आणि ‘बाकीच्या दहा गाड्यांनाही समोर प्लेट नव्हती, मलाच धरलं’ हाही नाही, यातलं दुसरं वाक्य जज रोज ऐकत असतात.

बरं, आता पावती हातात घ्या. त्यात कलम ५२०० च्या, म्हणजे पुढे-मागे प्लेट लावायच्या नियमाच्या, ओळीशेजारी दुरुस्त होण्यासारखी चूक आहे का याची ‘येस-नो’ची चौकट असते, तुमच्या स्कॅनमध्ये ‘येस’वर खूण दिसतेय. इथे लोक त्याला फिक्स-इट तिकीट म्हणतात. म्हणजे खटला लढायचाच नाही, प्लेटा लावायच्या, दोन्ही, पुढे आणि मागे, हलणार नाहीत अशा घट्ट. डॅशबोर्डवर काचेमागे ठेवलेली प्लेट धरत नाहीत. भोकं नको असतील तर गाडी ओढायला पुढे जो हूक लावतात त्याच्या जागेत बसणारा ब्रॅकेट मिळतो, चिकटवायचेही मिळतात. मग गाडी घेऊन पोलीस ठाण्यात जा, अधिकारी बघेल आणि पावतीवरच्या दुरुस्तीच्या जागी सही करेल, ती पावती आणि २५ डॉलर कोर्टात भरा, केस रद्द. लायसन्सवर पॉइंट नाही. हे नाही केलंत तर तोच आकडा सगळे अधिभार धरून दोनशेच्या घरात जातो, आणि तारखेला काहीच केलं नाही तर मात्र साधी पावती राहत नाही, हजर न राहणं हा वेगळा गुन्हा आहे, मिसडिमीनर म्हणजे कमी गंभीर फौजदारी गुन्हा, आणि तो व्हिसावाल्या माणसाच्या रेकॉर्डवर अजिबात नको. नुसत्या पावतीला तुम्ही घाबरू नका, ती अटक नाही आणि गुन्ह्याची शिक्षाही नाही. पण पुढे ग्रीन कार्डच्या फॉर्मवर ‘कधी पावती झाली का’ अशा अर्थाचा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा लपवू नका, केस रद्द झाल्याचा कोर्टाचा कागद जपून ठेवा.

तुम्ही रोज डंबार्टन ब्रिजवरून जाता म्हणालात. गाडीत फास्टट्रॅकचा टॅग आहे आणि टोल कापला जातोय हे फार चांगलं, त्या सगळ्या महिन्यांचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा, टोल चुकवायला प्लेट काढली असं उद्या कुणी म्हणालंच तर तेच दाखवायचं.

मित्राने सुचवलेल्या दोन आयडिया तर लगेच डोक्यातून काढा. काळी काच बसवलेली प्लेटची फ्रेम बेकायदा आहे, कॅमेऱ्याला किंवा डोळ्याला नंबर दिसू नये म्हणून केलेलं काहीही बेकायदा आहे. आणि मुदत संपलेल्या कागदी प्लेटवरची तारीख बदलून नवी प्रिंट काढायची म्हणतोय ना, तो बनावट दस्तऐवज होतो, फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा लागू शकतो, तिथे २५ डॉलरमध्ये मिटत नाही आणि इमिग्रेशनवाले फसवणुकीच्या गुन्ह्याकडे कसं बघतात ते मी सांगायला नको. अशा मित्राला सल्ल्याचे पैसे देत नाही हेच बरं.

आता तो मेसेज. खरं तर मला पावतीपेक्षा याची जास्त काळजी वाटते आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलात. मी तुमच्या रील्स बघितल्या. निम्म्या तुमच्या ड्राइव्हवेत शूट केल्यायत, मागे गॅरेजवर घराचा नंबर वाचता येतो आणि एका रीलमध्ये कोपऱ्यावरची रस्त्याची पाटीसुद्धा आलीय. त्या माणसाला तुमच्या प्लेटची गरजच पडली नाही, शिवाय तो मेसेज आला तेव्हा गाडीला खरी प्लेट लागलेलीही नव्हती. त्या रील्स आधी काढा. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या, अकाउंटचं नाव आणि तारीख दिसेल असे. पुन्हा आला, किंवा त्यात धमकी असली, तर फ्रीमॉंट पोलिसांकडे रिपोर्ट करा, त्याचा नंबर घ्या. त्या रिपोर्टच्या आधारावर डीएमव्हीला अर्ज करता येतो की माझं रेकॉर्ड बंद ठेवा, पाठलाग होणाऱ्या माणसासाठी कलम १८०८.२१ मध्ये ती सोय आहे, सेलिब्रिटी असायची अट नाही. माणूस कोण ते कळलं तर कोर्टातून त्याला लांब ठेवायचा हुकूम मिळतो, पाठलाग किंवा हिंसेची धमकी असेल तर अर्जाची फीसुद्धा लागत नाही.

जाता जाता एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. रील्समधून ब्रँडचे किंवा जाहिरातीचे पैसे येत असतील तर एच वन बीवर ते चालत नाही, व्हिसा ज्या कंपनीचा तिथलंच काम करायचं असतं, आणि हा प्रश्न नंबर प्लेटपेक्षा कितीतरी मोठा आहे. त्यासाठी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, माझ्याकडे नको, आणि तोवर नवीन कोलॅब घेऊ नका.

स्कॅनमध्ये पावतीचा खालचा भाग कापला गेलाय, कोर्टाची तारीख तिथेच असते. ती आज बघा, आणि प्लेटा या शनिवारीच लावून टाका.