नवरा अनोळखी, जमीन मात्र तिच्या नावावर

प्रश्न : लेकीनं किंडल दिल्यापासून मी जुन्या अमेरिकेतल्या काऊबॉय लोकांच्या प्रेमकथा वाचतेय. आत्तापर्यंत चौदा झाल्या. शेवट पहिल्याच प्रकरणात कळतो, तरी रात्री एक वाजेपर्यंत खाली ठेववत नाही. आमचे ‘हे’ हसतात. माझं काही चुकतंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चुकत काही नाही. फक्त एक वाजेपर्यंत जागू नका, दुसऱ्या दिवशी डोकं चढतं.

डोंबिवलीत मी सव्वीस वर्षं वाचनालय चालवलं. तिथं एक जोडपं सभासद होतं. ते टेलिफोन खात्यात. त्यांना फक्त पिस्तुलवाल्या वेस्टर्न लागत, आणि पुस्तकात माणूस मेला की ते मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं एक रेघ ओढत. (पुस्तकात लिहू नये ही पाटी त्यांच्या डोक्यावरच लटकत होती.) बाईंना प्रेमकथा लागत. एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात मला दोन्ही एकत्र असलेली कादंबरी सापडली, ती मी त्यांना दिली. दोघं आधी कोण वाचणार यावरून जिन्यातच भांडली. पुस्तक परत आलं तेव्हा मागे चार रेघा होत्या आणि खाली बाईंच्या अक्षरात ‘पान १८७!!’ गिऱ्हाईक गेल्याबरोबर मी ते पान उघडलं. मला वाटलं होतं तसलं काही नव्हतं. बाहेर बर्फ पडतोय, आणि नायक तिच्या फाटक्या बुटाला नवा तळ ठोकत बसलाय. तिनं सांगितलेलं नाही, तो बोलत नाही.

बाईंनी माझं काम सोपं केलं. या कथांमध्ये आधी एकमेकांची गरज असते, प्रेम मागून येतं. लंडनच्या नाचघरातल्या ऐतिहासिक प्रेमकथा घ्या, तिथं सगळी अडचण लोक काय म्हणतील याची. इथं म्हणायला लोकच नाहीत, शेजार चार मैलांवर. अडचण असते ती पाण्याची, थंडीची आणि जमिनीच्या कागदाची.

त्यातला कागद मला सगळ्यात रंजक वाटतो. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर सरकारी जमीन किरकोळ शुल्कात मिळे, पण पाच वर्षं तिथं राहून, कसून दाखवावी लागे. एकवीस वर्षांवरची बिनलग्नाची बाई किंवा विधवाही अर्ज करू शके. नवऱ्याबरोबर नांदणारीला मात्र स्वतंत्र अर्ज नाही. आता बघा, शेजारशेजारच्या तुकड्यांवर एक तो आणि एक ती. लग्न केलं तर दोन जागी राहून दाखवायचं कसं? न करावं तर हिमवादळात जनावरांना चारा कोण टाकणार? अशा वेळी खलनायक घुसवावाच लागत नाही.

आणि घर! नेब्रास्का-कॅन्ससच्या गवताळ मुलखात लाकूड मिळायची मारामार, म्हणून मुळांसकट कापलेल्या मातीच्या चिपा विटांसारख्या रचून घर करत. छतातून माती गळे, कधी सापही पडे, त्यामुळे आढ्याखाली मांजरपाटासारखं कापड ताणून बांधत. चुलीत बायसनचं वाळकं शेण. गोवऱ्या थापलेल्या घरातल्या बाईला याचा वास वेगळा सांगावा लागत नाही. अशा एका खोलीत कालपर्यंत अनोळखी असलेली दोन माणसं नोव्हेंबर ते मार्च कोंडली जातात. त्यानं पाणी आणताना तिच्यासाठी बादली आधी भरली, एवढ्यावर लेखिका एक प्रकरण लिहिते आणि आपण ते वाचतो. आमच्या आजीनं आजोबांना अंतरपाट दूर झाल्यावर पहिल्यांदा पाहिलं. आधी लग्न आणि मग ओळख हा क्रम आपल्याला कुणी समजावून द्यायला नको.

प्रश्न : पत्रावरून किंवा जाहिरातीवरून अनोळखी माणसाकडे जाणाऱ्या बायका खरंच होत्या, की लेखिकांची कल्पना? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : होत्या. एसा मर्सर नावाच्या तरुणानं १८६४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून दहा-अकरा जणी सिएटलला नेल्या. तिकडे पुरुष बख्खळ, बायका मोजक्या. सांगायला शिक्षिका म्हणून आणि मनात संसार.

माझी आवडती मात्र एलिनोर प्रुइट स्टुअर्ट. डेन्व्हरमध्ये लोकांचे कपडे धुणारी, पदरात लहान मुलगी. १९०९ मध्ये ती वायोमिंगमध्ये एका गुरंवाल्याकडे घर सांभाळायला गेली. जाताच त्याच्या जमिनीला लागूनच्या तुकड्यावर स्वतःच्या नावानं होमस्टेडचा दावा लावला आणि काही आठवड्यांत त्याच्याशीच लग्न केलं. तिची खोली त्याच्या घराला चिकटून बांधली होती, म्हणजे नोकरीही सांभाळली जाई आणि जमिनीवर राहणंही होई. जुन्या मालकिणीला लिहिलेली तिची पत्रं १९१४ मध्ये पुस्तकरूपानं आली. लग्न झाल्याचं मात्र तिनं बरेच दिवस कळवलं नव्हतं, लाज वाटली म्हणून! पुढे अभ्यासकांनी दप्तर तपासलं, तेव्हा दिसलं की तो दावा तिनं सोडला आणि तिथं सासूनं अर्ज केला. हे कादंबरीत लिहिलं असतं तर ओढूनताणून आणलंय म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

आणखी एक. १८५०च्या ओरेगनच्या कायद्यात एकट्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४०, त्यातली अर्धी बायकोच्या नावावर. पण १ डिसेंबर १८५१च्या आत लग्न हवं. तारीख जवळ आली तशी लग्नांची घाई उडाली, अगदी कोवळ्या पोरीही त्यात उभ्या राहिल्या. याच्यावर प्रेमकथा लिहिताना लेखिकेचा हात थोडा थरथरायला हवा.

प्रश्न : गोष्ट गोड असते, पण ही जमीन मुळात कोणाची, हे मनात येतं आणि रस जातो. मीच फार विचार करतो का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही हो. ओरेगनची जमीन वाटायला काढली तेव्हा तिथल्या जमातींशी धड करारसुद्धा झालेले नव्हते. १८८७च्या डॉज कायद्यानं जमातींची सामाईक जमीन माणशी तुकड्यांत वाटली आणि ‘उरलेली’ गोऱ्यांना खुली केली. ‘उरलेली’ हा शब्द नीट बघा. काऊबॉयची गोष्टही तीच. गुरं राखण्याची विद्या आणि ‘लॅसो’सारखे शब्द मेक्सिकन गुराख्यांकडून आले, काळे काऊबॉयही पुष्कळ होते, मुखपृष्ठांवर मात्र वर्षानुवर्षं गोराच. जिच्यात शायेन या मूळ जमातीचा माणूस फक्त टेकडीमागून आरोळी मारायला येतो, ती कादंबरी मी तिथंच मिटते. जिच्यात त्याला नाव असतं, मत असतं, घोड्याच्या सौद्यात घासाघीस करता येते, ती पुढे वाचते. अशा आता मिळतात, शोधाव्या लागतात.

प्रश्न : पुरुषांनी वाचल्या तर चालेल का? बायकोच्या उशाखालची एक मी अर्धी वाचली आहे. – नाव छापू नका, कोल्हापूर

उत्तर : चालेल. पण तिची खूण हलवू नका, आणि पेन्सिल लांब ठेवा.