गॉसमीटरचा प्रोब सारखा तुटतोय, काय करू?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. हॉल इफेक्टच्या प्रॅक्टिकलला चुंबकाचं फील्ड मोजायला गॉसमीटर लागतो आणि त्याचा तो पातळ चपटा प्रोब, दोन वर्षांत तीन गेले. शेवटचा गेला तेव्हा कपाटात दुसऱ्या मीटरचा एक पडून होता, पिना जुळल्या म्हणून तोच लावला, चालू पण झाला, पण जिथे आधी ३.२ किलोगॉस (गॉस म्हणजे फील्डचं एकक) यायचं तिथे आता २.७ येतंय, चुंबकाचा करंट तोच आणि दोन पोलमधला गॅपही तोच. चुंबक कमजोर झाला का? नवीन घ्यायचा तर नुसता प्रोब घेऊन चालेल का? आणि पोरांना तो कसा हाताळायला सांगू?

उत्तर : चुंबक अगदी ठणठणीत असणार, काळजी करू नका. आधी तो दुसऱ्याचा प्रोब काढून ठेवा आणि त्यावर घेतलेली रीडिंग जर्नलात धरू नका. पोरं बिचारी त्याच आकड्यावरून हॉल कोइफिशंट (पदार्थात हॉल व्होल्टेज किती येतं ते सांगणारा आकडा) काढतात, फील्ड चुकलं की पुढचं सगळं गणित चुकतं आणि चूक कुठे झाली ते त्यांना कधीच कळत नाही, मला याचंच जास्त वाईट वाटतं.

झालंय काय सांगते. प्रोबच्या टोकाला सेमीकंडक्टरचा एक चिमुकला तुकडा असतो, दोन वायरींनी त्यातून ठरलेला करंट जातो आणि उरलेल्या दोन वायरींवर फील्डच्या प्रमाणात व्होल्टेज मिळतं. हाच हॉल इफेक्ट, एडविन हॉलने १८७९ साली तो सोन्याच्या वर्खावर पाहिला होता, पण धातूत ते व्होल्टेज फारच थोडं येतं म्हणून आता इंडियम आर्सेनाइड, गॅलियम आर्सेनाइड असलं काहीतरी वापरतात. पण एकाच कंपनीचे दोन तुकडे घेतले तरी अगदी सारखं व्होल्टेज देत नाहीत, म्हणून मीटर त्या त्या प्रोबला जुळवावा लागतो. जुन्या मीटरमध्ये त्यासाठी आत प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) असतो, नव्यांमध्ये बऱ्याचदा प्रोबच्या प्लगमध्येच चिप असते आणि त्या प्रोबचे आकडे तिच्यात भरलेले असतात. नुसत्या पिना जुळून काही होत नाही, तुमचा ३.२ आणि २.७ चा फरक तिथलाच आहे.

नवीन मागवताना मीटरचं मॉडेल, सिरियल नंबर, रेंज, प्रोब चपटा हवा की गोल (पोलच्या फटीत घालायला चपटाच, गोल कॉइलच्या आत घालायला), दांडीची लांबी आणि जाडी हे सगळं लिहून द्या. मीटर जुना असेल तर प्रोबबरोबर मीटरही पाठवा आणि दोन्ही एकत्र कॅलिब्रेट करून सर्टिफिकेटसकट परत मागा, खर्च थोडा वाढतो पण दुसरा मार्ग नाही. आल्यावर मीटर बंद करूनच प्लग लावायचा.

आणि हो, मेलेला प्रोब लगेच फेकू नका. टोकाला तडा असेल तर तो गेला, तिथे सोल्डरिंगच्या भानगडीत पडूच नका, पण पुष्कळदा केबल हँडलपाशी आतून तुटलेली असते, प्लग काढून मल्टिमीटरने प्रत्येक वायर केबल हलवत तपासा, तसं असेल तर दुरुस्त होतो. नंतर कॅलिब्रेशन मात्र परत बघून घ्यायचं.

आता हाताळणी. तुमचे तीनही प्रोब कसे गेले ते तुम्ही लिहिलं नाही, पण लॅबमध्ये मी सगळ्यात जास्त पाहिलेलं कारण म्हणजे प्रोब आधी आत घालतात आणि मग पोलचं हँडल फिरवून गॅप कमी करतात, आणि टोक मध्ये चिरडतं. हे उलटं करायला लावा, प्रोबपेक्षा जाड लाकडी पट्टी मध्ये ठेवून गॅप लावायचा, स्क्रू आवळायचा, पट्टी काढायची आणि मगच प्रोब आत सोडायचा. प्रोब हातात धरून मोजू देऊ नका, लाकडाचा किंवा पितळेचा स्टँड करून घ्या (लोखंडाचा नको, तो फील्डच बिघडवतो) आणि क्लॅम्प हँडलवर लावा, दांडीवर कधीच नाही. टेबलावर सुटे निओडिमियम चुंबक असतील तर आधी उचला, ते एकमेकांवर इतक्या झटक्यात येतात की मध्ये प्रोब सापडला तर संपलाच. काम झालं की दांडीवर कडक नळी चढवायची, मी जुन्या जाड पेनाची नळी वापरायचे, आणि केबल मीटरभोवती घट्ट गुंडाळायची नाही, सैल वेटोळं करायचं.

प्रोब तिरका राहिला तरी रीडिंग कमी येतं, १० अंश कलला की साधारण दीड टक्का, म्हणून हळूच फिरवून जिथे जास्तीत जास्त आकडा येतो तिथेच थांबायचं. मीटरचा झिरो प्रोब चुंबकापासून लांब नेऊन करायचा, झिरो गॉसची ती धातूची नळी (बाहेरचं फील्ड आत येऊ न देणारी) असेल तर तिच्यात, आणि ती नळीसुद्धा पाडू नका कारण आपटली की तिचं शिल्डिंग कमी होतं.

प्रश्न : स्पीकरचे चुंबक तपासायचे आहेत, प्रोब येईपर्यंत मोबाइलचं अ‍ॅप चालेल का?

उत्तर : नाही चालणार. मोबाइलमधला सेन्सर पृथ्वीच्या फील्डसाठी, म्हणजे अर्ध्या गॉसच्या आसपास बनवलेला असतो, स्पीकरच्या फटीत हजारो गॉस असतात, तिथे तो केव्हाच पूर्ण भरून जातो आणि वर मोबाइलचा कंपास बिघडतो तो वेगळाच.